सैल, घेरदार टॉप आणि तुमची अंगकाठी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सैल टॉप अंगावर चढवला की मोकळं वाटतं, आणि आरशासमोर उभं राहिलं की मन खट्टू होतं. मला येणारे बहुतेक प्रश्न या दोन क्षणांच्या मधे कुठेतरी अडकलेले असतात. ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. एक आधीच सांगते : या पानावर ‘शोभणं’ आणि ‘बारीक दिसणं’ हे दोन वेगळे शब्द आहेत. मी पहिल्याबद्दल लिहिते आहे.

१. सैल आणि ढगळ यांत नेमका फरक काय? मला तर दोन्ही सारखंच दिसतं.

सैल टॉप अंगाला कुठेतरी टेकलेला असतो आणि तिथून मोकळा सुटतो. ढगळ टॉप कुठेच टेकत नाही, नुसता लोंबतो. टेकण्याची जागा खांदा असेल, गळा असेल, मनगट असेल, कंबर असेल किंवा खालच्या कडेची पट्टी असेल. कोणतीही चालेल, पण एक तरी हवीच. कुणाचाही सैल टॉप बघताना माझी नजर आधी हीच जागा शोधते.

१९५७ साली फॅशन डिझायनर क्रिस्तोबाल बालेन्सियागा यांनी कंबर पूर्ण सोडून दिलेला ‘सॅक’ ड्रेस आणला. लगेच पुढच्या वर्षी, १९५८ मध्ये, ईव्ह सँ लोराँ यांनी दिओर या फॅशनगृहासाठी केलेल्या पहिल्याच संग्रहात ‘ट्रॅपीझ’ हा आकार मांडला : खांद्याशी अरुंद आणि खाली येता येता रुंद होत जाणारा. कंबरेला कापड टेकतसुद्धा नाही, तरी तो आकार नेटका दिसतो, कारण खांदा चोख बसवलेला असतो. आजचे ए-लाइन टॉप त्याच कुळातले. त्यात खांदाच दोन बोटं खाली घसरला तर सगळा आकार कोलमडतो.

घरच्या घरी पारखायचं असेल तर ढगळ वाटणारा टॉप घाला आणि फक्त बाह्या मनगटाच्या वर दोन घड्या घालून दुमडा. बाकी काही करू नका. पुष्कळदा तेवढ्यानेच टॉप ‘माझा’ वाटायला लागतो.

२. टॉप मुद्दाम सैल शिवला आहे की नुसता माझ्या मापापेक्षा मोठा आहे, हे कसं ओळखायचं?

तीन जागा बघा : गळा, मुंढा (बाही जोडलेली असते ती जागा) आणि बाहीची लांबी. मुद्दाम सैल शिवलेल्या टॉपचा गळा मानेशी नीट बसतो. खांद्याची शिवण खाली उतरलेली असली तरी बाही त्या मानाने आखूड कापलेली असते, त्यामुळे ती मनगटाशीच येऊन थांबते. नुसत्या मोठ्या मापाच्या टॉपमध्ये गळा पसरतो, अंतर्वस्त्राची पट्टी डोकावते, बाही तळहातावर येते आणि काखेत कापडाचा बोळा होतो.

आकड्यांत सांगायचं तर न ताणणाऱ्या कापडाच्या टॉपचा छातीचा घेर तुमच्या छातीच्या मापापेक्षा साधारण १३ ते २० सेंमी जास्त असेल तर तो सैल. २० सेंमीच्या वर गेला की फारच सैल. तिथे टेकण्याची जागा पक्की असल्याशिवाय निभत नाही. छातीचं माप ९६ सेंमी असेल तर ११० ते ११६ सेंमी घेराचा टॉप आरामात सैल बसेल. ऑनलाइन घेताना मापांच्या तक्त्यात आकडा अंगाचा दिलाय की कपड्याचा, हे मात्र नक्की वाचा. सगळा घोळ तिथेच होतो.

३. माझी अंगकाठी कोणत्या प्रकारात मोडते हे कसं ठरवू? फळांची नावं वाचून गोंधळ होतो.

फळं सोडा. पेअर, ॲपल वगैरे नावांमुळे आपण स्वतःला एका टोपलीत टाकतो आणि मग त्या टोपलीचेच नियम पाळत बसतो. त्यापेक्षा चार मापं घ्या : खांद्यांची रुंदी, छाती, कंबर आणि सीट, म्हणजे नितंबांचा सगळ्यात भरलेला घेर. मग स्वतःला एकच गोष्ट विचारा : कापड माझ्या अंगावर आधी कुठे अडकतं? खांद्यावर, छातीवर, पोटावर की सीटवर? ती तुमची ‘अडकण्याची जागा’. सैल टॉपच्या बाबतीत सगळे निर्णय त्या एका जागेभोवती फिरतात. खालचे प्रश्न ४ ते ९ त्याच क्रमाने नसले तरी त्याच हिशेबाने लिहिले आहेत.

मापं घेताना श्वास रोखू नका आणि टेप ताणू नका. आणि बाजूने एक फोटो काढा. आपण स्वतःला कायम समोरून बघतो. सैल टॉपचा खरा आकार बाजूने कळतो.

४. माझा कमरेखालचा भाग रुंद आहे. लांब टॉपने तो झाकायचा की आखूड घालायचा?

दोन्ही चालतं. चालत नाही ते अधलंमधलं. टॉपची खालची कड म्हणजे अंगावर ओढलेली आडवी रेघ. ती सीटच्या सगळ्यात रुंद भागावर थांबली की नजर बरोबर तिथेच थांबते. म्हणून कड त्या रेषेच्या चार-पाच सेंमी वर तरी ठेवा, नाहीतर चांगली खाली, मांडी निमुळती व्हायला लागते तिथे.

लांब टॉप घेत असाल तर बाजूचे कट महत्त्वाचे. कट नसलेला लांब टॉप सीटवर चढतो, अडकतो आणि कमरेत घडी पडते. कट कमरेच्या हाडापासून सुरू होत असेल तर कापड चालताना उघडतं-मिटतं आणि अडकत नाही. आखूड टॉप घेत असाल तर घेर वरच्या भागात येऊ द्या : फुगीर बाही, रुंद गळा, योकखालच्या (म्हणजे खांद्यालगतच्या वेगळ्या जोडलेल्या पट्टीखालच्या) चुण्या. खांदे आणि सीट यांचं पारडं त्याने बरोबरीला येतं.

५. पोट पुढे आहे. सैल टॉप घातला की सगळे ‘गोड बातमी आहे का’ विचारतात. काय करू?

हा प्रश्न वाचला की मला मनापासून वाईट वाटतं, कारण चूक टॉपच्या कापणीची असते आणि ऐकून घ्यावं लागतं घालणारीला.

असं होतं ते बहुतेक वेळा छातीखाली शिवण आणि तिथूनच चुण्या असलेल्या टॉपमुळे. ती शिवण छातीखाली टॉप आवळते आणि नेमका पोटावर कापडाचा फुगा सोडते. चुण्यांसाठी दीडपट ते दुप्पट कापड घेतलेलं असतं. ते सगळं कापड तुम्ही पोटावर वागवत असता. त्याऐवजी खांद्यापासून किंवा योकपासून सरळ खाली येणारा टॉप बघा, ज्यात मधे कुठेही आडवी शिवण नाही. चुण्या हव्याच असतील तर योकला, छातीच्या वर, आणि त्याही थोड्या.

कापड मध्यम वजनाचं हवं. फार पातळ असेल तर पोटाला चिकटून त्याचा आकार दाखवतं, फार कडक असेल तर तंबू होतो (कापडाचं सविस्तर प्रश्न १० मध्ये). कड पोटाच्या सर्वांत पुढे आलेल्या बिंदूवर कधीच नको; तिच्याखाली, मांडी जिथे सुरू होते तिथे आणा. आणि एक गोष्ट बऱ्याच जणी विसरतात : पोट सैल ठेवलं की हात, मानेखालचा भाग आणि घोटे मोकळे सोडा. पाऊण बाही आणि घोट्याच्या वर थांबणारी पँट यांनी जेवढा फरक पडतो तेवढा कोणत्याही गडद रंगाने पडत नाही.

६. छाती भरलेली आहे. कोणताही सैल टॉप छातीवरून सरळ खाली लोंबतो आणि मी आहे त्याच्या दुप्पट दिसते.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून थोडं सविस्तर.

कापड अंगावरच्या सगळ्यात पुढे आलेल्या जागेवरून खाली पडतं. छाती भरलेली असेल तर ते तिथून सरळ लंबकासारखं पडतं, आणि छाती ते कंबर यांच्यामधली सगळी पोकळी नजरेला ‘भरलेली’ वाटते. टॉप कितीही महागडा असो, हे होणारच, जोपर्यंत त्या पोकळीचं काहीतरी केलेलं नाही.

पहिला उपाय टक्स, म्हणजे आकार देण्यासाठी कापडात शिवलेल्या निमुळत्या घड्या. काखेकडून छातीकडे येणारा एक साधा टक सैल टॉपलासुद्धा वळण देतो. ‘सैल टॉपला टक्स कशाला’ असं पुष्कळ जण म्हणतात. मला वाटतं सगळ्यात जास्त गरज त्यालाच असते. दुसरा उपाय गळा. उंच बंद गळा छातीचा पट्टा अखंड आणि मोठा दाखवतो; व्ही गळा किंवा वरची दोन बटणं उघडी ठेवली की तो पट्टा मधोमध विभागला जातो. तिसरा उपाय कापड : सुळसुळीत, वजनाने खाली पडणारं क्रेप किंवा व्हिस्कोस. ते छातीखाली आत वळतं. कडक पॉपलिन वळत नाही.

आता एक सूक्ष्म गोष्ट. आरशासमोर बाजूने उभ्या राहा आणि खालची कड बघा. पुढची बाजू मागच्यापेक्षा वर उचललेली दिसते का? छातीने पुढचं कापड खाल्लेलं असतं, म्हणून तसं होतं. दोन-तीन सेंमीचा फरक असला तरी सगळा टॉप ‘चढलेला’ वाटतो. खरेदी करतानाच पुढून किंचित लांब किंवा गोलाकार कड असलेला टॉप घेतला तर हे झाकलं जातं.

बटणांचा शर्ट असेल आणि छातीवर फट पडत असेल तर मोठं माप घेऊन उपयोग नाही, खांदे घसरतील. दोन बटणांच्या मधे आतून एक टिचबटण लावून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

छातीवर खिसे, झालर, मोठी नक्षी असेल तर काय? आवडत असेल तर खुशाल. फक्त खिसा छातीच्या उंचवट्याच्या वर आहे ना, एवढं बघा.

७. खांदे रुंद आहेत. बलून बाही माझ्यासाठी बादच का?

बाद नाही, पण फुगा कुठे आहे ते बघावं लागेल. पफ बाही खांद्याच्या टोकावर फुगते, ती रुंदी वाढवते. बिशप बाही वर सपाट असते आणि मनगटाकडे जाता जाता फुगते. ती तुम्हाला छान दिसेल, कारण वजन खाली जातं. रॅगलन बाहीची शिवण गळ्यापासून काखेकडे तिरकी जाते, त्यामुळे खांद्याचं टोक नेमकं कुठे आहे हे नजरेला सापडतच नाही. डोलमन म्हणजे वटवाघळाच्या पंखासारखी बाही. तिच्यातही खांद्याची शिवण नसते, पण तिचा घेर छातीपाशी साठतो, म्हणून छातीही भरलेली असेल तर आधी प्रश्न ६ वाचा.

खाली थोडा घेर असलेला टॉप, म्हणजे कमरेला जोडलेली झालर किंवा पसरट कड, रुंद खांद्यांना तोलून धरतो.

८. अंगकाठी एकदम सरळ आहे, सैल टॉप घातला की हँगरवर अडकवल्यासारखा दिसतो.

तुमच्याकडे एक सोय आहे जी बाकीच्यांकडे नाही : टॉप कुठेच अडकत नाही, म्हणून घेर कुठे आणायचा हे तुम्ही ठरवू शकता. कडक कापड घ्या. पॉपलिन, जाड लिनन, टाफेटा यांचा घेर अंगाच्या आधाराशिवाय उभा राहतो. चुण्या, थरावर थर झालरी, मोठी कॉलर, सगळं पेलतं. खालच्या कडेला इलॅस्टिक किंवा नाडी असलेला टॉप कमरेवर जरा वर ओढून घेतला की कापड तिच्यावर ओघळतं आणि कंबर असल्याचा भास होतो.

किंवा हे काहीच करू नका. सरळ अंगावर सरळ, लांब, शांत टॉप फार देखणा दिसतो.

९. कंबर बारीक आहे, पण सैल टॉपमध्ये ती हरवते. दरवेळी पट्टा बांधायचा का?

दरवेळी नको. मऊ कापडाचा टॉप घेतला तर चालताना, वळताना कंबर आपोआप दिसते. कडक कापडात ती हरवते. ओव्हरलॅप होणारा, बाजूला गाठ मारायचा टॉप हा मधला मार्ग. पट्टा बांधायचाच असेल तर प्रश्न १३.

१०. सैल टॉपसाठी कोणतं कापड चांगलं?

कापड हातात घ्या, एका कोपऱ्याला धरून लोंबतं सोडा. सरळ, अरुंद घड्यांत खाली पडलं तर ते अंगाच्या वळणाने जाणारं कापड. पंख्यासारखं पसरून उभं राहिलं तर ते स्वतःचा आकार बनवणारं. व्हिस्कोस, क्रेप, जॉर्जेट, मऊ रेशीम पहिल्या गटात. पॉपलिन, ऑर्गंडी, टाफेटा, जाड लिनन दुसऱ्या गटात. मलमल पातळ असते, पण तिला पडण्यापेक्षा फुलायची सवय, म्हणून ती दोन्हींच्या मधे.

जिथे कापड अडकतं (प्रश्न ३) ती जागा छाती, पोट किंवा सीट असेल तर पहिला गट. कुठेच अडकत नसेल तर दुसरा.

कापड कोणत्या दिशेने कापलंय यानेही फरक पडतो. फ्रेंच डिझायनर मादलेन व्हियोने यांनी १९२० च्या दशकात तिरक्या कापणीवर विलक्षण काम केलं : ताण्याबाण्याला ४५ अंशांत कापलं की न ताणणारं कापडसुद्धा किंचित ताणतं आणि अंगावरून पाण्यासारखं उतरतं. तिरक्या कापणीचा सैल टॉप मिळाला तर घालून बघाच. मात्र तो हँगरला टांगून ठेवू नका, घडी घालून ठेवा. टांगल्यावर काही महिन्यांत कड वेडीवाकडी होते.

व्हिस्कोस धुताना सांभाळा. ओलं असताना ते कमजोर असतं आणि आटतं. माझा एक आवडता मोकळा टॉप मी पहिल्याच धुण्यात गरम पाण्यात टाकला आणि तो नितंबांच्या वर आला. त्या दिवसापासून व्हिस्कोस गार पाणी, हलका हात, सावलीत आडवं, असा नियम.

११. उंची कमी आहे. सैल टॉपमध्ये मी बुडून जाते.

उंची कमी असेल तर घेराचा प्रश्न नंतर, आधी लांबीचा. अंगाचे डोळ्यांनी तीन भाग करा. एक भाग टॉप आणि दोन भाग पँट असं दिसलं तर पाय लांब वाटतात. अर्धं-अर्धं दिसलं की उंची कापली जाते. मांडीच्या मध्यावर संपणारा टॉप नेमकं तेच करतो.

एका पॉपलिनच्या टॉपचं सांगते. खांदे बरोबर, बाह्या बरोबर, तरी घातला की मी त्याच्या आत कुठेतरी हरवल्यासारखी. वर्षभर कपाटात पडून होता. एका दुपारी टाचण्या घेऊन कड वर वर दुमडत गेले : तीन सेंमी, काही नाही, पाच, अजून नाही, सात सेंमीला एकदम सगळं जागेवर आलं. तेवढं कापलं, धावदोरा घातला, मशीनवर टीप मारली. त्यानंतर तो टॉप मी झिजेपर्यंत वापरला. तुमचा आकडा सातच असेल असं नाही. टाचण्या लावा, प्रत्येक सेंमीला थांबून बघा.

पाऊण बाही, लहान कॉलर, लहान नक्षी आणि टॉप-पँट एकाच रंगाच्या छटेत, हेही साथ देतात. उंच असाल तर यातलं जवळजवळ काहीच पाळावं लागत नाही. फक्त बाह्या खरंच मनगटापर्यंत येतात ना, ते बघा.

१२. टॉप पुढून खोचतात तसा मी खोचला की गाठोडं दिसतं. नीट कसा खोचायचा?

पूर्ण पुढची बाजू खोचू नका. पँटच्या बटणाच्या जरा डावीकडे चार बोटं मावतील एवढीच कड धरा आणि ती सरळ खाली सोडा, आत कोंबू नका. आता दोन्ही हात डोक्यावर न्या आणि सावकाश खाली आणा. जेवढं कापड बाहेर यायचं तेवढं येईल, उरलेलं कमरेवर हलकं ओघळेल. मग दोन्ही बाजूंच्या शिवणी मागे किंचित ओढा. मागची कड तशीच सोडा.

तरी गाठोडं होत असेल तर कापड जास्त जाड आहे किंवा कड गोल घेराची आहे. असा टॉप खोचण्यासाठी नाहीच. पोट पुढे असेल तर खोचलेला भाग बाजूला, कमरेच्या हाडाच्या जवळ न्या, मधोमध नको.

१३. सैल टॉपवर पट्टा नेमका कुठे बांधायचा?

बाजूला वाका. जिथे अंग मोडतं ती तुमची खरी कंबर. तिथे, किंवा तिच्या एक बोट वर. छाती ते कंबर हे अंतर कमी असेल तर रुंद पट्टा सगळी जागा खाऊन टाकतो. दोन बोटं रुंदीचा किंवा त्याहून बारीक घ्या, आणि टॉपच्याच रंगाचा. पट्टा बांधल्यावर हात वर करून टॉप थोडा सुटू द्या, नाहीतर चुण्या पोत्याच्या तोंडासारख्या दिसतात. पोटावर कापड अडकत असेल तर पट्टा सोडूनच द्या; त्याऐवजी समोरून उघडं, लांब जॅकेट उभ्या दोन रेघा देतं.

१४. खाली घट्ट पँटच घालावी लागते का?

घट्टच असं नाही, पण दोन्हीकडे घोळ असेल तर टेकण्याची जागा (प्रश्न १) आणखी ठळक हवी. सैल टॉपखाली रुंद पायांची पँट घालायची तर टॉप आखूड असू द्या किंवा खोचा, आणि पँट कमरेशी अगदी बरोबर बसलेली असू द्या. सरळ पायांची, घोट्याच्या वर थांबणारी पँट जवळजवळ कोणत्याही सैल टॉपखाली जुळते. घेरदार स्कर्टवर सैल टॉप फक्त खोचूनच.

१५. आडव्या रेघांनी जाड दिसतो हे खरं आहे का?

इतकं सरळ नाही. हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिलं होतं, की आडव्या रेघांनी भरलेला चौरस उभ्या रेघांच्या चौरसापेक्षा उंच आणि अरुंद भासतो. आपण ऐकत आलो त्याच्या बरोबर उलट. अंग म्हणजे सपाट चौरस नाही, म्हणून हे जसंच्या तसं टॉपला लावता येणार नाही. पण आडव्या रेघांना घाबरण्याचं कारणही उरत नाही.

सैल टॉपमध्ये रेघांपेक्षा त्या कुठे वाकतात हे जास्त दिसतं. छातीवर रेघा कमानीसारख्या ताणलेल्या दिसत असतील तर टॉप तिथे कमी पडतोय. रेघा सरळ राहिल्या तर तो बरोबर आहे. रेघांचा टॉप म्हणजे फिटिंगची फुकटची चाचणीच.

१६. जॉर्जेटचा टॉप घातल्यावर अंगाला चिकटतो आणि सगळा घेर नाहीसा होतो. उपाय?

पॉलिएस्टर जॉर्जेट कोरड्या हवेत घासून विजेचा भार धरतं आणि चिकटतं. आत सुती अस्तर किंवा सुती स्लिप घाला. पॉलिएस्टरवर पॉलिएस्टर नको. लगेच बाहेर पडायचं असेल तर घालण्याआधी धातूचा हँगर टॉपच्या आतून फिरवा, किंवा ओलसर हात आतल्या बाजूने फिरवा. अंतर्वस्त्राची शिवण दिसत असेल तर ती बिनशिवणीची, त्वचेच्या रंगाच्या जवळची घ्या. पांढऱ्या टॉपखाली पांढरं उठून दिसतं, त्वचेचा रंग लपतो.

१७. गरोदरपणात आणि नंतरही चालतील असे टॉप कसे निवडायचे?

खांद्यापासून सुटणारा, पुढून लांब कडेचा टॉप घ्या, कारण पोट वाढतं तशी पुढची कड वर जाते. समोरून बटणं असतील तर बाळाला पाजतानाही तोच कामाला येतो. माप खांद्यांनुसार आपलंच ठेवा. फक्त पोट वाढतंय म्हणून दोन मापं मोठा घेतला तर गळा आणि खांदे ढगळ होतात.

१८. माझा दिवस बसून जातो, व्हीलचेअर वापरते. सगळे सल्ले उभ्या माणसासाठीच का असतात?

तक्रार अगदी रास्त आहे. बसल्यावर पुढचं सगळं कापड मांडीवर गोळा होतं आणि मागची कड वर चढते. म्हणून पुढून आखूड, मागून लांब असा टॉप तुम्हाला हवा. पुढची कड मांडीला जेमतेम टेकेल एवढी. बाजूचे कट असले की कापड दोन्हीकडे नीट बसतं. बाहीचा घेर मनगटाशी पट्टीने किंवा इलॅस्टिकने बांधलेला असावा, मोकळी घंटेसारखी बाही चाकात अडकू शकते. पाठीवर बटणं, गाठी, जाड शिवणी नकोत, टोचतात. सगळी सजावट गळा, खांदे आणि बाह्यांवर येऊ द्या, समोर बसलेल्याला तेवढंच दिसतं. आणि टॉप घेताना बसूनच आरशात बघा.

१९. वरून भरलेली छाती आणि खालून रुंद सीट. प्रश्न ४ आणि ६ चे सल्ले एकमेकांच्या विरुद्ध जातात. कोणाचं ऐकू?

आधी वरचं. टॉप वरून टांगलेला असतो. खांदा आणि छाती चुकली तर खाली काहीही करून सुधारत नाही. म्हणून टक्स, गळा, कापड प्रश्न ६ प्रमाणे ठरवा. फुगीर बाही आणि योकच्या चुण्या सोडून द्या. मग प्रश्न ४ मधून फक्त कड आणि बाजूचे कट घ्या.

२०. आधीच घेतलेला टॉप शिंप्याकडून सुधारून घेता येईल का?

लांबी, बाजूच्या शिवणी, बाही, मनगटाची पट्टी, नवा टक, बाजूचा कट : हे सगळं सहज होतं. खांदा आणि मुंढा अवघड, कारण बाही पूर्ण उसवून पुन्हा बसवावी लागते. गळा मोठा असेल तर जवळजवळ होतच नाही. एकदा मी एका ठिकाणी टॉप ‘थोडा फिटिंगला’ म्हणून दिला आणि तो काखेपासून कमरेपर्यंत सरळ आवळून आला. घेर गेला, हात वर करता येईना. तेव्हापासून मी टाचण्या लावूनच देते आणि ‘इथून इथपर्यंत, एवढंच’ असं दाखवते.

२१. शस्त्रक्रियेत एका बाजूचा स्तन काढला आहे. सैल टॉप सोयीचा वाटतो, पण एका बाजूला कापड पडतं. काय घालू?

दोन्ही बाजू सारख्या दाखवणाऱ्या कापणीच्या टॉपमध्ये फरक उठून दिसतो, म्हणून मुळातच असमान कापणीचा टॉप बघा : एका खांद्यावर चुण्या, बाजूला जाणारी बटणपट्टी, तिरका ओव्हरलॅप. चुण्या किंवा झालर त्या बाजूला येईल असा निवडा. कापड थोडं स्वतःचा आकार धरणारं हवं, मऊ पॉपलिन किंवा दुपदरी मलमल. सुळसुळीत क्रेप पोकळी दाखवतं. एकरंगीपेक्षा पसरलेली, मध्यम आकाराची नक्षी बरी.

शिवण व्रणावर येत नाही ना ते बोटाने चाचपून बघा, लेबल काढून टाका, आणि सुरुवातीला हात वर जात नसेल तर समोरून पूर्ण उघडणारा टॉपच घ्या. एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली असेल, मग कारण काहीही असो, तर त्या बाजूला आतून अर्ध्या सेंमीचं पातळ पॅड टिचबटणाने लावून घ्या. टॉप धुताना ते काढता येतं आणि दुसऱ्या टॉपला लावता येतं.